माझ्या नावाची गवळण

ज्या गवळणीमुळे आमच्या खाडीकाठच्या गावांत लोक मला शाहीर म्हणून ओळखतात, तिची चाल माझी नाही. ती मी घेतली, आणि जिच्याकडून घेतली तिलाच भर मांडवात चोर ठरवलं. हे आधीच सांगून टाकतो. पुढे घराचं, खाण्यापिण्याचं, त्या दिवसांचं लिहायला लागलो की माझा हात मलाच सांभाळून घेईल, हे मला ठाऊक आहे. घेतली तेव्हा आपण घेतो आहोत हे मला कळलं नव्हतं, एवढंच माझ्या बाजूने बोलता येतं. तेही बोलायला जड जातं, कारण तिला बोल लावला तेव्हा मी पुरता शुद्धीत होतो.

आमचं घर खेडच्या खाली, जगबुडी नदी रुंद होत खाडीकडे वळते त्या अंगाला. मोहल्ला संपतो आणि आमची वाडी सुरू होते, त्या हद्दीवर. मध्ये जांभ्या दगडांचा गडगा होता, पण तो इतका बुटका की आई आणि रुकय्याचाची त्याच्यावर कोपर टेकून बोलत उभ्या राहायच्या. गडग्यावरून वाट्या जायच्या, वाट्या यायच्या. आमच्याकडून कुळथाची पिठी, फणसाची भाजी, गणपतीत मोदक. तिकडून ईदेला शेवया, एरवी सांदणं, आणि आंब्याच्या दिवसांत डागी आंब्यांची पाटी, कारण चाचीचे यजमान उस्मानचाचा बागा कराराने घ्यायचे. रिकामी वाटी परत करायची नाही, असा दोघींचा अलिखित कायदा होता. घरात काही नसलं तर आई वाटीत चार कोकमं टाकून पाठवायची. वडील मुंबईला गोदीत कामाला, गणपतीला आणि शिमग्याला यायचे. घरात आई, माझी मोठी बहीण सुमन आणि मी. आई बारीक चणीची, थंडीच्या दिवसांत छातीला शेक घेत चुलीपुढे बसायची. ती कमी बोलायची. तिच्या वाटणीचं चाची बोलायची.

रुकय्याचाची उंच, दणकट आणि तोंडाने फटकळ. तिचा मुलगा यासीन माझ्या बरोबरीचा, मुलगी शमीम त्याच्याहून लहान. चाचीची खरी ओळख म्हणजे लग्नातली गाणी. मोहल्ल्यात हळद असो की मेंदी, ढोलकी तिच्या मांडीवर. खाडीपलीकडच्या गावांतूनही तिला बोलावणं यायचं. होडीत बसण्याआधी ती बरोबरच्या बायकांची हजेरी घ्यायची आणि तिथेच तालीम सुरू करायची. एखादीचा सूर लागला नाही की म्हणायची, “काय गं, गळ्यात भात अडकलाय काय? खाकर आनी मग म्हन.” ती गाणी कुणी लिहिलेली नव्हती. आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे आलेली. कडवी वाढायची, गळायची, नवरामुलगा सौदीला असला की त्यात विमान यायचं. कुणाचं नाव त्यात कधी नसायचं. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे सगळं याच्यावरच आलं.

आमच्याकडे उलटं. आमच्या वाडीचं जाखडीचं मंडळ. गणपतीत पोरं पायात घुंगरू बांधून गोल नाचणार, मधोमध ढोलकी, झांज आणि गाणारा शाहीर. आधी गण, मग गवळण, मग समोरच्या मंडळाशी सवाल-जवाब. आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात आधी गुरूचं नाव, मग बांधणाऱ्याचं. ते नाव आलं की गाणं त्याचं. दुसऱ्याची चाल घेतली तरी कुणी फाशी देत नाही, पण गाण्याआधी सांगायचं, अमक्याच्या चालीवर. न सांगता घेतली आणि पकडली गेली, तर समोरचा शाहीर तुम्हाला जन्मभर पुरेल असं झोडपतो. आमचे गुरू सोनूदादा. ते म्हणायचे, “दुसऱ्याच्या होडीत बसायला लाज नाय. पन होडी माजी म्हनून सांगशील तर मधेच उतरवीन.”

मी तेव्हा नुकता लोट्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात लागलो होतो. यासीनही तिथेच, दुसऱ्या खात्यात. एकाच कंपनीच्या बसने यायचो-जायचो. कपड्यांना आंबूस वास, डोळ्यांत जळजळ, आणि घाटातल्या वळणांवर सगळी बस डुलक्या घ्यायची. अशाच एका संध्याकाळी यासीन माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपला होता आणि मला ती चाल सुचली. सुचली म्हणजे एखादी ओळ, एखादा तुकडा नव्हे. सबंध सुचली. सूर हळूहळू खाली उतरत जायचे, आता संपलं असं वाटायचं, आणि तिथेच एक अडखळल्यासारखी जागा घेऊन परत वर चढायचे. मी ताठ बसलो. घरी पोचेपर्यंत तोंडाने पुटपुटत राहिलो, कुणी हाक मारली तर ती सांडेल अशी भीती वाटत होती. आईने भाकरी वाढली तर मी जेवता जेवता ताटावर ताल धरला. आई हातात भाकरी तशीच धरून माझ्याकडे बघत राहिली. “काय गं?” मी विचारलं. “काय नाय,” ती म्हणाली आणि चुलीकडे वळली.

आज मी त्या संध्याकाळकडे परत परत जातो. कुठे तरी एखादी खूण असेल, आपण दुसऱ्याच्या घरात हात घालतो आहोत असं सांगणारी एखादी बारीकशी टोचणी असेल, म्हणून शोधतो. काही सापडत नाही. सुचणं आणि आठवणं यांची आतून चव सारखीच असते. निदान मला तरी वेगळी लागली नाही. उलट एवढी पूर्ण, एवढी सोपी चाल आपल्याला सुचली, म्हणजे आपल्यात काहीतरी आहे, असंच वाटलं. ती सोपी का आली, हा प्रश्न मला पडायला हवा होता.

त्या चालीवर मी गवळण बांधली. शेवटच्या कडव्यात सोनूदादांचं नाव घातलं आणि त्याच्याखाली ‘दत्ताराम म्हणे’ असं माझं. गणपतीत ती अशी उचलली गेली की समोरच्या मंडळाची माणसं उठून आमच्या गोलात नाचली. कुणीतरी टेपवर भरून घेतली, टेपवरून टेप निघाल्या, खेडच्या एसटी स्टँडवरच्या चहावाल्याकडेही ती वाजू लागली. यासीनने पहिल्यांदा ऐकली तेव्हा म्हणाला, “वळखीची वाटते रे चाल.” मी त्याला म्हटलं, चांगली चाल पहिल्यांदा ऐकतानाच ओळखीची वाटते. हे वाक्य मी कुठून तरी ऐकलेलं नव्हतं, माझंच होतं, असं आत्ता लिहितानाही हात अडखळतो. चाचीने गडग्यावरून ऐकली. ती हसली, आईकडे बघून मान हलवली आणि मला म्हणाली, “ग्वाड म्हनतंस रे दत्त्या. अजून म्हन.” मी तिथेच उभा राहून तिला सगळी गवळण म्हणून दाखवली. ती डोळे मिटून ऐकत होती. मला वाटलं, एवढी गाणारी बाई, माझ्यावर खूश झाली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात शमीमचं लग्न ठरलं. मुलगा दाभोळकडचा. आमचंही घर त्या लग्नात राबत होतं. आई आणि सुमन तांदूळ निवडायला, मी आणि यासीन मांडव घालायला, पाणी भरायला, वाढायला. त्याच सुमारास सुमनचंही जमत आलं होतं. मुलाकडची मंडळी तिला बघून गेली होती, होकार यायचा होता. त्या मुलाचे थोरले काका उस्मानचाचांशी आंब्याचा व्यवहार करायचे, त्यामुळे ते शमीमच्या लग्नाला आले होते. आईने मला सकाळीच बजावलं होतं, “काकांच्या पानात काय कमी पडू देव नको. तोंड संभाळून बोल. सगळा आज ते बघतील.”

दुपारची वेळ. मांडवात अकणी पुलावाचा वास भरून राहिला होता. मी आणि यासीन थाळे घेऊन पंगतीत फिरत होतो. पडवीत पडद्याआड बायका बसल्या होत्या, ढोलकी चालू होती, वराकडच्या बायका वधूकडच्यांना टोमणे मारत होत्या, वधूकडच्या परत करत होत्या. मग ढोलकी थांबली. कुणीतरी “गप रव्हा गं, आता पोरीच्या आयशीचा गाना हाय,” असं म्हणालं. आणि चाची एकटी गायला लागली. पाठवणीचं गाणं. नुसता गळा, साथ काही नाही.

“खाडीपल्याड दिवा लागला, बाये, पदर सावर...”

सूर खाली उतरत गेले, आता संपलं असं वाटलं, तिथे ती जागा आली आणि सूर परत वर चढले.

मी थाळा धरून जागच्या जागी उभा राहिलो. खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला आनंद झाला. माझी चाल आता चाचीच्या गळ्यात गेली, शमीमच्या पाठवणीला लागली. मी यासीनला कोपराने ढोसलं. “आयकलंस? माजी हाय.”

“काय तुजी?”

“चाल. गवळनीची.”

“येडा झालास? आईचा गाना हाय ता. नानीचा. शमीमला झोपवताना म्हनायची.”

“मग इतकी वरसा कुनी कसा नाय आयकला?”

“आपल्या पोरीला पाठवताना आयनंच म्हनायचा असता. शमीम आजच जाते, आज म्हनली. अजून कवा म्हननार?”

आज मला यात काहीच न पटण्यासारखं दिसत नाही. तेव्हा मला ती पळवाट वाटली. त्यात आमच्या मंडळाची पोरं पंगतीत बसलेली. त्यांच्यातल्या एकाने चाल ओळखली आणि ओरडला, “शाहीर, तुमची गवळन मोहल्ल्यात नांदायला आली की!” दुसरा म्हणाला, “हुंडा किती दिलास?” सगळी पंगत हसली. वराकडचेही हसले, कशाला ते न कळता. मला ते हसणं माझ्यावर आहे की माझ्या बाजूने आहे तेच समजेना. कान तापले. यासीनने माझा दंड धरला, तो मी सोडवला आणि पडवीच्या पायरीपाशी गेलो. गाणं पुरं झालं नव्हतं.

“चाची,” मी मोठ्याने म्हटलं, “गाना चांगला म्हनतंस. पन चाल कुनाची ता सांगायचा असता. आमच्यात नाव घेतात.”

गाणं थांबलं. पडदा बाजूला झाला. चाचीच्या डोळ्यांत पाणी होतं, ते शमीमसाठी होतं. माझं बोलणं तिला लगेच कळलंच नाही.

“कुनाची म्हंजे? माज्या आयशीची.”

“मग तुज्या आयशीचा नाव कुठल्या कडव्यात हाय?” मी म्हणालो. “माजा हाय शेवटच्या कडव्यात. सगळ्या गावाला पाठ हाय.”

वराकडची एक बाई शेजारणीला म्हणाली, “जाखडीतली होय! तरी मी म्हनतंय, खेडच्या स्टँडवर आयकल्यासारखी वाटते.” आणि त्या दोघी पदराआड हसल्या. शमीमने मान वर केली. नटलेली, नथ घातलेली, आणि आईकडे अशी बघत होती की जणू तिला कुणीतरी रस्त्यात थांबवलं आहे.

चाची उठली. माझ्यापेक्षा ती उंच होती आणि पायरीवर होती, त्यामुळे मला मान वर करावी लागली. “दत्त्या,” ती म्हणाली, “तू माज्या...” आणि तिथे ती थांबली. तिने पडवीच्या खांबापाशी बसलेल्या माझ्या आईकडे बघितलं. आईचा चेहरा मला आजही दिसतो, पांढरा पडलेला, ओठ घट्ट मिटलेले. मग चाचीने मांडवात, पंगतीच्या पुढच्या पानावर बसलेल्या त्या काकांकडे बघितलं. तोंड मिटलं. एवढंच म्हणाली, “बरा. तुजी तर तुजी. जा, जेवान वाढ, पाव्हने खोळंबलेत.”

तिच्याकडे उत्तर नाही म्हणून ती गप्प झाली, असं मी समजलो. जिंकलो असं समजलो. काकांच्या पानात मी जास्तीचा पुलाव वाढला तेव्हा ते म्हणाले, “पोरगा हुशार दिसतो.” शमीमची पाठवणी गाण्याशिवाय झाली. एवढ्या बायका होत्या, कुणालाच काही सुरू करायचं सुचलं नाही. नुसती गाडीची घरघर ऐकू आली.

त्यानंतर चाची कुठल्याच लग्नात गायली नाही. बोलावणी आली, तिने गळा बसलाय म्हणून सांगितलं. पुढे बोलावणी आली नाहीत. शमीमला सासरी बरीच वर्षं ऐकावं लागलं, हिच्या आयशीनं पाठवणीचं गाणंसुद्धा उसनं आणलं होतं. हे मला सुमनकडून कळलं, आणि सुमनला शमीमकडून. यासीन बसमध्ये पुढच्या बाकावर बसू लागला, आणि वर्ष उलटायच्या आत सौदीला गेला. गडग्यावरून वाट्या मात्र चालूच राहिल्या. ते दोघी बायकांचं होतं, त्यात माझा हात कधीच नव्हता. सुमनचं लग्न झालं. मी आणखी गाणी बांधली, बऱ्यापैकी होती, पण त्या गवळणीजवळ एकही पोचलं नाही. लोक विचारायचे, “शाहीर, तशी परत कवा?” मी म्हणायचो, येईल.

मग माझंही लग्न झालं, मुलगी झाली. ती रडायला लागली की मी तिला खांद्यावर घेऊन ओटीवर फिरायचो आणि तीच चाल गुणगुणायचो. शब्दांशिवाय. एका दुपारी आई तांदूळ पाखडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, “रुकय्या अशीच फिरायची तुला घेऊन. हाच म्हनायची.”

मी फिरायचा थांबलो.

मग तिने सांगितलं. मी बोलायला लागलो नव्हतो तेव्हा तिला टीबी झाला होता. घाटावरच्या एका दवाखान्यात तिला ठेवलं, कितीतरी महिने. गावात सांगितलं, वडिलांकडे मुंबईला गेली. सुमनला आत्याने नेलं. मला न्यायला कुणी तयार नव्हतं. तान्ह्या पोराला आईचा रोग लागला असेल, ही भीती सगळ्यांना होती. चाचीच्या अंगावर शमीम पीत होती, तरी तिने मला गडग्यावरून उचललं. “माजी दोन हायत, तीन झाली,” म्हणाली. शमीम, यासीन आणि मी, तिघांना ती त्या एका गाण्यावर झोपवायची. आई परत आली तेव्हा मी तिला ओळखलं नाही, चाचीच्या मागे लपलो. आईने चाचीला शपथ घातली, रोगाचं नाव कुठे काढायचं नाही. सुमनचं लग्न व्हायचं होतं. टीबीवाल्या बाईची मुलगी कोण करून घेणार?

“म्हंजे त्या दिवशी चाची...” मी म्हणालो.

“तू माज्या मांडीवर आयकलंस, असा सांगनार होती. मग कुनीतरी विचारला असता, हा तिच्या मांडीवर कशाला होता. काका समोर बसलेले.” आईने सूप परत उचललं. “मी डोळ्यांनी हात जोडले तिला.”

“आनी तू? तुला पयल्या दिवसापासून ठाव होता?”

“ताटावर वाजवलास तवाच वळखला.” ती बराच वेळ पाखडत राहिली. “तू खूश होतास. मना वाटला, पोराला तेवढा तरी लक्षात रव्हला. मग सांगायचा कसा?”

मी रागावलो, ओरडलोही असेन. तिने एकच मागितलं. आपण असेपर्यंत बाहेर बोलू नकोस, सुमनच्या घरी अजून तिची सासू आहे. मी कबूल झालो. त्या कबुलीचा मला किती आधार वाटला, हे लिहायलाच हवं. वचन पाळतो आहे असं म्हणत मी वर्षानुवर्षं चाचीच्या दारावरून मान खाली घालून गेलो. आई गेली, सुमनची सासूही गेली, तरी मी गेलो नाही. तोवर मी खेडला राहायला आलो होतो. माणसाला उशीर झाला की आणखी उशीर करणं सोपं जातं.

आणि या सगळ्यात मला आठवलं काहीच नाही. मी ओटीवर डोळे मिटून बसून बघितलं. चाचीची मांडी, तिचा आवाज, गडग्यापलीकडचं छप्पर, शमीमचं रडणं, एकही चित्र येत नाही. आईने सांगितलं म्हणून मी मानतो. कंपनीच्या बसमध्ये मला जे सुचलं, तेवढंच त्या महिन्यांतलं माझ्यापाशी उरलं होतं, आणि ते मी स्वतःचं नाव लावून विकलं.

शेवटी मी आधी मंडळाकडे गेलो. सोनूदादा राहिले नव्हते, आता त्यांचा पुतण्या मंडळ चालवतो. म्हटलं, त्या गवळणीतून माझं नाव काढा. तो हसायला लागला. “दत्तारामदादा, नाव काढला तर मात्रा कमी पडतात. तिथं काय घालू? आनी लोक ‘दत्ताराम म्हणे’ आला की टाळ्या देतात.” मी म्हटलं, रुकय्याचं नाव घाला. त्याने खिशातून मोबाइल काढून दाखवला. मग म्हणाला, “दादा, आता सगळी मोबाइलवर गेली ती. पोरी लग्नात लावून नाचतात. कुठं कुठं जाऊन काढशील?” खरं होतं. सुमनने नंतर सांगितलं, शमीमच्या मुलीच्या मेंदीतसुद्धा ती लावली होती. माझ्या आवाजात, माझ्या नावासकट. शमीम उठून आत गेली, एवढंच झालं.

यासीन सौदीहून कायमचा परत आला, तेव्हा मी त्याला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. टीबीचं त्यालाही ठाऊक नव्हतं. मग म्हणाला, “मना कशाला सांगतंस? तिला सांग. पन लग्नाबिग्नात नको. घरी ये.”

मी गेलो ती सकाळची वेळ होती. गडगा एका बाजूने ढासळला होता, आमच्या बंद घराच्या अंगणात कुणाच्या तरी कोंबड्या फिरत होत्या. चाची पडवीत खुर्चीवर बसून कोलंबी सोलत होती. ऐंशीच्या घरात असेल, पाठीतून वाकलेली, पण हात झरझर चालत होते. यासीन म्हणाला, “आई, दत्त्या आलाय. जरा मोठ्यानं बोल रे, कमी आयकू येता तिला.”

मी तिच्या पायांपाशी बसलो. बोलायचं ते घरून ठरवून आणलं होतं, हळू आवाजात बोलायचं म्हणून ठरवलेलं. “चाची, ती चाल तुमची होती.”

“काय?”

“चाल! गवळनीची! तुमची होती!”

“काय म्हनतो हा?” तिने यासीनला विचारलं. यासीन भिंतीला टेकून उभाच राहिला.

मी ओरडून सांगायला लागलो. समोरच्या घरातली बाई कपडे वाळत घालायची थांबली. रस्त्याने जाणारा एक जण सायकलवरून उतरला. शेजारच्या दारात दोन मुलं आणि त्यांची आजी येऊन उभी राहिली. मी घामाने भिजलो, आवाज फाटला. आई आजारी होती ते सांगितलं, तिने मला सांभाळलं ते सांगितलं, मांडवातलं सांगितलं. चाचीने कोलंबीचं भांडं बाजूला ठेवलं आणि पदराला हात पुसले.

“वरडतंस कशाला?” ती म्हणाली. “पयल्यांदा म्हनलास तवाच आयकला मी.”

ती हसत नव्हती.

“मना गाना आता येत नाय,” ती म्हणाली. “पयली वळ येते. फुडचा गेला. म्हनायचा सोडला ना, मग जाता. तुज्या आयशीसाठी गप बसलंव, त्याचा मना काय नाय. ती बरी झाली, तिची पोर नांदली. पन शमीम तशीच गेली रे. रिकामी गेली.” तिने दाराकडे बोट दाखवलं. “तितं सांग. त्यांनी पन तवा आयकला होता.”

मी उठलो. पायरीवर उभा राहिलो. समोरची बाई, सायकलवाला, आजी, मुलं, सगळे माझ्याकडे बघत होते. त्यांतले काही त्या मांडवात होते, काही तेव्हा जन्मले नव्हते. मला काय वाटत होतं ते लिहिण्यात अर्थ नाही. मी काय म्हणालो ते लिहितो.

“मी दत्ताराम. माज्या नावाची जी गवळन तुमी आयकता, ती चाल रुकय्याचाचीची हाय. तिच्या आयशीची हाय. मी तान्हा असताना तिनं मना मांडीवर घेऊन म्हनलेली. मना आठवला नाय, आजपन आठवत नाय, पन मी ती घेतली, माजा नाव लावला, आनी शमीमच्या लग्नात चाचीलाच चोर म्हनलंव. चोर मी होतो. चाची, आनी इथं नसलेली शमीम, तुमी दोघी मना माफ करा.”